तारेविना पडदा: जिल्हा परिषदेच्या वर्गात मिराकास्ट डोंगल कसं चालतं

फक्त व्हिडिओ लावायचा असेल तर फोनचं चित्र टीव्हीवर नेणारं बिनतारी डोंगल घेऊ नका. पाच मीटरची एचडीएमआय वायर आणा, भिंतीला क्लिपा मारा आणि विषय संपवा. वायर हँग होत नाही, पिन मागत नाही, चुकून शेजारच्या वर्गाच्या टीव्हीला जाऊन चिकटत नाही. डोंगलवर पैसे घालायचे ते एकाच कारणासाठी. गुरुजींना किंवा बाईंना टेबल सोडून पोरांच्या मधे जाता आलं पाहिजे, आणि तिथं जे दिसतं ते त्याच क्षणी सगळ्या वर्गाला दाखवता आलं पाहिजे. एवढं साधलं तर हजार रुपयांच्या आतबाहेरचं हे यंत्र भिंतीवरच्या टीव्हीचा उपयोग दुप्पट करतं. नाही साधलं तर कपाटात पडून राहणाऱ्या वस्तूंत आणखी एकीची भर पडते.

मराठवाड्यातल्या गावोगावच्या शाळांत लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीच्या निधीतून टीव्ही आणि प्रोजेक्टर आले. टीव्ही साधारण ३२ ते ४३ इंची, आणि बऱ्याच ठिकाणी तो अजून पेन ड्राइव्हवरच चालतो. अशा टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसणारं अंगठ्याएवढं डोंगल, त्याला वीज देणारी यूएसबी शेपटी आणि शिक्षकाचा अँड्रॉइड फोन, एवढ्याच सामानाचं हे परीक्षण आहे.

आधी पद्धत कोणती ते ठरवावं लागतं, कारण दुकानात सगळ्यालाच ‘कास्ट’ म्हणतात. मिराकास्ट ही वाय-फाय अलायन्सने २०१२ मध्ये आणलेली पद्धत. यात फोन आणि डोंगल एकमेकांशी थेट बोलतात; मधे राउटर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. क्रोमकास्टची पद्धत वेगळी आहे. तिथं फोन आणि डोंगल दोघंही एकाच वाय-फायवर असावे लागतात, पहिल्या जोडणीला इंटरनेट हवंच, आणि यूट्यूब लावलं तर व्हिडिओ डोंगल स्वतः नेटवरून ओढतं, फोन नुसता रिमोट होतो. घरी ही सोय उत्तम आहे. ज्या वस्तीवर फोनला दोन दांड्या रेंज मिळवायला वऱ्हांड्यात यावं लागतं तिथं तिचा उपयोग नाही. दुसरी गोष्ट, असं यंत्र कंपनीच्या सर्व्हरवर विसंबून असतं. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्टं आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे जगभर एकदम अडली होती आणि दुरुस्तीचं अपडेट येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. शाळेसाठी म्हणून आमची पसंती मिराकास्टला.

फोनची अडचण मात्र आधीच तपासून घ्या. अँड्रॉइडमध्ये मिराकास्ट ४.२ पासून आलं, पण पुढं गुगलने स्वतःच्या फोनांतून ते काढलं, त्यामुळे पिक्सेल फोन या डोंगलला जोडला जात नाही. आयफोनमध्ये तर ते कधीच नव्हतं. त्याला एअरप्ले ही अॅपलची पद्धत चालणारं डोंगल लागतं. सॅमसंगमध्ये या सोयीचं नाव ‘स्मार्ट व्ह्यू’, बाकीच्या फोनांत कुठं ‘कास्ट’, कुठं ‘स्क्रीन मिररिंग’, कुठं ‘वायरलेस डिस्प्ले’. सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत ‘कास्ट’ टाकलं की बहुधा सापडतं. शाळेत पाच शिक्षक असतील तर पाचही फोन दुकानात नेऊन बघावेत, एका फोनवर चाललं म्हणजे सगळ्यांवर चालेल असं नाही.

जोडणी सोपी आहे, पण पहिलीच पायरी बहुतेक ठिकाणी चुकते. डोंगलची शेपटी टीव्हीच्याच यूएसबी खाचेत घातली जाते. साध्या यूएसबी २.० खाचेतून ठरल्याप्रमाणे अर्धा अँपिअर मिळतो, आणि डोंगलला ५ व्होल्टवर एक अँपिअर लागतो. सुरुवातीला चित्र येतं, बोधचिन्ह दिसतं, फोन जोडला जातो, आणि व्हिडिओ सुरू झाला की दोन मिनिटांत पडदा काळा. डोंगल पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. लोक म्हणतात माल डुप्लिकेट आहे. दोष बहुतेक वेळा विजेचा असतो. जुना ५ व्होल्ट, १ किंवा २ अँपिअरचा मोबाइल चार्जर बोर्डात लावा आणि शेपटी त्यात घाला. या एका बदलाने बऱ्याच तक्रारी मिटतात.

दुसरी चूक जागेची. डोंगल टीव्हीच्या पाठीमागे, पत्र्याच्या चौकटीला आणि भिंतीला दाबून बसतं. पुढून येणाऱ्या लहरी टीव्हीच्याच अंगावर अडतात आणि मागं उष्णता साठते. १५ ते २० सेंटिमीटरची एचडीएमआय एक्स्टेन्शन घेऊन डोंगल टीव्हीच्या कडेला बाहेर काढावं. शेपटीवर चौकोनी ठोकळा असेल तर तो अँटेना असतो. तो कडेच्या वर, वर्गाकडे तोंड करून दुहेरी चिकटपट्टीने चिकटवावा. वर्गाच्या कुठल्याही कोपऱ्यापर्यंत, म्हणजे सात-आठ मीटर, चित्र न अडखळता गेलं पाहिजे. त्यापुढं जायची गरज वर्गात पडत नाही.

मग टीव्हीचा इनपुट एचडीएमआयवर न्यायचा, फोनचं वाय-फाय सुरू करायचं (कुठल्याही नेटवर्कला जोडायची गरज नाही), लोकेशन सुरू ठेवायचं, ‘कास्ट’ उघडून डोंगलचं नाव निवडायचं. लोकेशन बंद असलं की काही फोनांवर यादी रिकामीच राहते आणि कारण कुठंच लिहून येत नाही. हॉटस्पॉटही बंद हवा, कारण बहुतेक फोन हॉटस्पॉट आणि थेट जोडणी ही दोन्ही कामं एका वेळी करत नाहीत. ‘ऑटो रोटेट’ चालू ठेवून फोन आडवा धरायचा, नाहीतर ४३ इंची टीव्हीच्या मधोमध उभ्या पट्टीएवढं चित्र येतं. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर तो दोष डोंगलचा नाही. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये आकार ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ करा.

कास्ट सुरू करण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावण्याची सवय हाताला लागलीच पाहिजे. फोनवर येणारा प्रत्येक व्हॉट्सअॅप मेसेज, बँकेचा ओटीपी, घरचा फोन, सगळं पस्तीस मुलांसमोर मोठ्या अक्षरांत येतं. शिक्षकाचा खाजगीपणा जातोच, शिवाय एखाद्या पालकाने विश्वासाने कळवलेली गोष्ट वर्गात फुटते. शाळेकडे जुना फोन पडून असेल तर तोच सिमकार्ड काढून या कामाला ठेवणं सगळ्यात चांगलं.

आता ज्याच्यासाठी हे घ्यायचं ते. फोनचा कॅमेरा उघडा आणि मुलाच्या वहीवर धरा. ५०२ मधून २७८ वजा करताना एखादं मूल ३७६ लिहितं. उत्तर चूक आहे हे कुणीही सांगेल. २२४ यायला हवं. पण वही पडद्यावर आली की वर्गाला दिसतं की या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: ५ मधून २, ७ मधून शून्य, ८ मधून २. हातचा घ्यायचं तो विसरलेला नाही, त्याला हातच्याची गरजच वाटलेली नाही. ही चूक फळ्यावर उतरवून दाखवली तर ती शिक्षकाची होते. वहीतच दाखवली तर त्यामागचा विचार दिसतो, आणि तसाच विचार केलेली आणखी चार मुलं आपापली वही चाळू लागतात. कुठल्याही तयार व्हिडिओत हे मिळत नाही.

यासाठी काही बारकावे. मुलाला आधी विचारा, आणि वहीच्या वरच्या भागातलं नाव कागदाने झाका. फोन हातात धरला तर चित्र हलतं आणि मागच्या बाकावरच्यांना गरगरतं. चार पुस्तकांची थप्पी करून तिच्यावरून लाकडी फूटपट्टी बाहेर काढा, वर वजन ठेवा आणि फोन रबराने तिला बांधा. किंवा दोन-तीनशे रुपयांचा वाकणारा स्टँड घ्या. वहीचं पान पूर्ण मावायला २५ ते ३० सेंटिमीटर उंची पुरते. खिडकी डाव्या-उजव्या बाजूला ठेवा, पाठीमागे नको, म्हणजे फोनची सावली पानावर पडत नाही. फोनच्या पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस बांधला जातो. ते केलं नाही तर मुलाचा हात मधे आला की चित्र दर वेळी धूसर होतं.

विज्ञानाच्या तासाला हाच कॅमेरा भिंगाचं काम करतो. कापसाचं बोंड फोडून आतली गुलाबी बोंडअळी, तुरीच्या मुळावरच्या गाठी, सोयाबीनच्या पानाच्या शिरा. शाळेच्या कुंपणाबाहेरच मिळणाऱ्या वस्तू. साध्या फोनचा कॅमेरा आठ-दहा सेंटिमीटरपेक्षा जवळ नेला की फोकस होत नाही. तेवढ्या अंतरावर थांबून दुप्पट झूम करा. फेट या संकेतस्थळावरची सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, तीही फोनवर चांगली चालतात. त्यांतली कितीतरी मराठीत आहेत, आणि नेट नसलं तरी चालावीत म्हणून आधी उतरवून ठेवता येतात. दीक्षा या सरकारी शैक्षणिक अॅपवरचा मजकूरही आदल्या दिवशी रेंजमध्ये असताना डाउनलोड करावा. पुस्तकातला क्यूआर कोड वर्गात स्कॅन करून मग चक्र फिरत बसलं की तासातली दहा मिनिटं जातात.

एका कामासाठी हे वापरू नका: फोनवर बोटाने लिहून दाखवण्यासाठी. फोन आधी पडद्याचं चित्र दाबून लहान करतो, ते हवेतून पाठवतो, डोंगल ते उलगडतं. यात क्षणभराचा उशीर होतोच. व्हिडिओत तो कळत नाही, कारण आवाजही चित्राच्या बरोबरच मागे राहतो. लिहिताना मात्र हात पुढं आणि रेघ मागं असं होतं, अक्षर बिघडतं. लिहायला फळा आणि खडू आहेतच.

पडदा किती मोठा हवा, हा प्रश्न डोंगलचा नसला तरी पैसे वाया जातात ते इथंच. मजकूर वाचायचा असेल तर शेवटचं मूल चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावं, असा जुना ठोकताळा आहे. ४३ इंची टीव्हीची उंची साधारण ५३ सेंटिमीटर, म्हणजे मर्यादा ३.२ मीटर. ५५ इंचीची ६८ सेंटिमीटर, म्हणजे चार मीटर. वर्ग असतो सहा मीटर लांब. त्यामुळे पाठ्यपुस्तकाचं अख्खं पान ४३ इंचीवर दाखवलं तर मागची मुलं फक्त रंग बघतात. उपाय फोनमध्येच आहे: एका ओळीत सहा-सात शब्द मावतील एवढं मोठं करा, आणि मुलांना बाकांवरून उठवून पुढं सतरंजीवर बसवा. सहा फूट रुंदीचं प्रोजेक्टरचं चित्र सहा मीटरपर्यंत वाचता येतं, पण त्याला अंधार लागतो, आणि पत्र्याच्या खोलीत मार्चनंतर खिडक्या लावून बसणं मुलांना सोसत नाही.

प्रोजेक्टर जुना असून त्याला फक्त व्हीजीए खाच असेल तर एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागतो. ३.५ मिलिमीटरची आवाजाची खाच असलेलाच घ्या, कारण व्हीजीएतून आवाज जात नाही. फोनला ब्लूटूथ स्पीकर जोडून हा प्रश्न सुटेल असं वाटतं, पण मिररिंग सुरू झालं की आवाज सहसा डोंगलकडे वळतो; आणि स्पीकरवर राहिलाच तर चित्राच्या पुढं धावतो. स्पीकर तारेनेच जोडा.

चित्र अडखळतंय, चौकटी चौकटी दिसतायत, अशा तक्रारीमागे बहुधा गर्दी असते. स्वस्त डोंगल वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर चालतं. त्या पट्ट्यात एकमेकांना न घासणाऱ्या वाहिन्या (चॅनल) तीनच: १, ६ आणि ११. शाळेचं राउटर, शेजारच्या दोन वर्गांची डोंगलं, ब्लूटूथ, सगळे त्यातच दाटीवाटीने बसतात. त्यात फोन राउटरच्या वाय-फायलाही जोडलेला असेल तर त्याचा एकच रेडिओ दोन वाहिन्यांवर आळीपाळीने उड्या मारतो. म्हणून कास्ट करताना फोन शाळेच्या वाय-फायवरून तोडा. नेट लागलंच तर मोबाइल डेटावर घ्या. दोनपेक्षा जास्त वर्गांत डोंगल बसवणार असाल तर ५ गिगाहर्ट्झ चालणारंच घ्या, चार-पाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे फारसं जात नाही, आणि शाळेत आपल्याला तेच हवं असतं.

शेजारशेजारच्या वर्गांत एकाच कंपनीची डोंगलं असली की आणखी एक घोळ होतो. सहावीच्या बाईंचा फोन सातवीच्या टीव्हीला जोडला जातो आणि भूगोलाच्या तासात अचानक अपूर्णांक येतात. बसवतानाच प्रत्येक डोंगलच्या सेटिंग पानावर जाऊन नाव बदला, ‘इयत्ता ६’, ‘इयत्ता ७’, आणि सोय असेल तर पिन लावा. पिन नसेल तर मधल्या सुट्टीत कुणाचाही फोन वर्गाच्या पडद्यावर येऊ शकतो. काही डोंगलांच्या अंगावर पद्धत बदलणारं बारीक बटण असतं, मिराकास्टवरून एअरप्लेवर नेणारं. साफसफाई करताना ते दाबलं गेलं तर फोनला डोंगल दिसेनासं होतं. नाव सापडत नसेल तर आधी पडद्यावर कोणती पद्धत लिहिली आहे ते वाचा.

लाईटीचं गणित वेगळं. डोंगल जास्तीत जास्त पाच वॅट खातं, ४३ इंची टीव्ही धरून भार ८५ वॅटच्या आसपास. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी वापरली आणि इन्व्हर्टरची घट धरली तरी एवढ्यावर आठ तास निघतात. पंखे वेगळे मोजा. तीनशे वॅटचा प्रोजेक्टर मात्र त्याच बॅटरीवर अडीच तासही टिकत नाही. लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणात टीव्ही आणि डोंगल दोन्ही बंद पडतात, मग पुन्हा जोडणी करावी लागते. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं बटण असतं. ते ‘यूपीएस’वर ठेवलं की बदल इतक्या लवकर होतो की चित्र तुटत नाही. दिवसातून चारदा लाईट जाणाऱ्या गावात हे बटण डोंगलच्या किमतीपेक्षा मोलाचं आहे.

उष्णतेचंही तसंच. एप्रिलमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. सलग तासभर चाललेलं डोंगल हाताला चटका देतं आणि हँग होतं. फोनही तापून मंदावतो. सकाळच्या शाळेत अडचण कमी येते. तरीही पंधरा-वीस मिनिटांचा वापर, मग बंद, अशीच रीत ठेवा. फोन चार्जिंगला लावून कास्ट करणं उन्हाळ्यात टाळा.

विंडोज लॅपटॉप असेल तर ८.१ पासून पुढच्या आवृत्तीत मिराकास्ट आहेच. विंडोज आणि के ही बटणं एकत्र दाबा, डोंगल निवडा; मग विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ करा, म्हणजे टिपणं लॅपटॉपवर आणि चित्र फक्त मुलांसमोर. वाय-फाय कार्ड नसलेल्या संगणकावर हे होत नाही.

आणि लॅपटॉप असेल तर डोंगल विकत घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. विंडोज १० किंवा ११ च्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये ‘वायरलेस डिस्प्ले’ नावाचा भाग असतो. तो एकदा नेटवरून घालून घेतला की लॅपटॉप स्वतःच डोंगल होतो: फोन लॅपटॉपला बिनतारी, लॅपटॉप टीव्हीला वायरने. जुन्या लॅपटॉपवर चित्र थोडं अडखळतं, पण महिनाभर वापरून बघायला पुरेसं आहे. त्या महिन्यात फोन घेऊन बाकांमधे फिरणं झालं नाही, नुसते व्हिडिओच लागले, तर वायर घ्या.

घ्यायचं ठरलंच तर दुकानात डोंगल टीव्हीला लावून, स्वतःच्या चार्जरवर, सलग पंधरा मिनिटं कॅमेरा चालवून बघा. दोन मिनिटांची चाचणी काही सांगत नाही, दोष गरम झाल्यावरच बाहेर येतो. खोक्यावर ‘४ के’ लिहिलेलं असलं तरी टीव्हीचं माहिती बटण दाबून येणारं चित्र १०८०पी आहे का ते वाचा. वर्गाला तेवढं भरपूर आहे. सात मीटर मागं जा, मधे दोन माणसं उभी करा, फोन छातीशी धरून वळा, कारण माणसाचं शरीरही लहरी अडवतं. दुकान लहान असेल तर रस्त्यावर उभं राहून बघा. बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या, बिल मुख्याध्यापकांच्या नावे करा, आणि त्याच दुकानातून पाच मीटरची एचडीएमआय वायरही घेऊन या. ती टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत कायम लावून ठेवायची.